मान्यखेटाचा मेरू

राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ज्या वर्षी माळव्याच्या फौजेने लुटली, त्या वर्षाची पक्की नोंद एका शब्दकोशाच्या अखेरच्या गाथांत सापडते. धनपाल नावाच्या पंडिताने धारानगरीत आपल्या धाकट्या बहिणीसाठी 'पाइअलच्छी' हा प्राकृत कोश रचला आणि ग्रंथसमाप्तीचा काळ सांगताना, माळव्याच्या राजाच्या धाडीत मान्यखेट लुटले गेले ते विक्रम संवत १०२९ चे वर्ष, म्हणजे इ. स. ९७२, असे नमूद करून ठेवले. ज्या नगरीत अमोघवर्षासारख्या विद्याप्रेमी राजाने दीर्घकाळ राज्य केले आणि जिच्या दरबारात संस्कृत, प्राकृत व कन्नड या तिन्ही भाषांच्या पंडितांना सारखाच मान होता, ती नगरी सीयक परमाराच्या त्या स्वारीनंतर पूर्ववैभवाला पुन्हा पोचली नाही. आज कलबुर्गी जिल्ह्यात कागिणा नदीच्या काठी मळखेड नावाचे गाव आणि एक पडका किल्ला एवढीच तिची निशाणी उरली आहे.

या उलथापालथीच्या काळात हलायुध नावाचा एक पंडित दक्षिणेकडून माळव्याकडे गेलेला दिसतो. संस्कृत धातूंची रूपे समजावून देता देता राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाची स्तुती करणारे 'कविरहस्य' हे काव्य त्याचे. आणि पिंगलाच्या छंदःसूत्रांवरील 'मृतसंजीवनी' नावाची टीकाही, अभ्यासकांच्या सर्वसाधारण मताप्रमाणे, त्याचीच. या टीकेत मात्र ज्याचा गौरव येतो तो राजा आहे वाक्पतिराज मुंज, म्हणजे मान्यखेट लुटणाऱ्या सीयकाचा वारस. ज्या घराण्याने आपल्या पूर्वीच्या धन्याची राजधानी धुळीस मिळविली त्याच घराण्याच्या आश्रयास जाण्याचा प्रसंग या विद्वानावर कसा आला असेल याची कल्पनाच करावी लागते. परंतु त्या स्थलांतरात त्याने आपली विद्या सांभाळून नेली, आणि पिंगलाच्या एका अत्यंत आखूड सूत्रावर भाष्य करताना जगाच्या गणितेतिहासात कायम राहील अशी एक आकृती स्पष्ट शब्दांत वर्णन करून ठेवली, हे आपले भाग्य होय.

ती आकृती अशी. वर एक चौकोनी घर काढावे. त्याच्या खाली, दोहों बाजूंस अर्धेअर्धे बाहेर येईल अशा बेताने, दोन घरे काढावी. त्यांच्या खाली त्याच रीतीने तीन, मग चार, आणि याप्रमाणे हवे तितके खाली उतरत जावे. पहिल्या घरात एक हा अंक लिहावा, दुसऱ्या ओळीतील दोन्ही घरांत एकएक लिहावा. तिसऱ्या ओळीत दोन्ही टोकांस एक लिहून मधल्या घरात वरच्या दोन घरांतील अंकांची बेरीज, म्हणजे दोन, लिहावी. चौथ्या ओळीत टोकांस एक आणि मध्ये तीन, तीन; पाचवीत एक, चार, सहा, चार, एक. ज्याला बेरजेपलीकडे काही येत नाही अशा मुलालाही ही घरे भरता येतील. शिखरापासून पायथ्याकडे रुंदावत जाणाऱ्या या रचनेला छंदःशास्त्रकारांनी पर्वतराज मेरूचे नाव दिले आणि ती मेरुप्रस्तार या संज्ञेने आपल्या शास्त्रात रूढ झाली. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल याच्या नावाने आपली मुले शाळेत जो संख्यात्रिकोण शिकतात, तो हाच.

परंतु हलायुधाला हे अंक कशासाठी हवे होते? त्याचे उत्तर प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने लहानपणी पाठ केलेल्या एका गोष्टीत आहे. वृत्तांची ओळख करून घेताना य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण आपण घोकतो. प्रत्येक गणात तीन अक्षरे, आणि प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू. आता हे आठ गण पाठांतराच्या क्रमाने न मांडता त्यांतील गुरूंच्या संख्येप्रमाणे वेगळे करून पाहावे. तिन्ही गुरू असलेला एकटा म. दोन गुरू आणि एक लघु असलेले य, र, त हे तीन. एक गुरू आणि दोन लघु असलेले ज, भ, स हेही तीनच. आणि एकही गुरू नसलेला एकटा न. एक, तीन, तीन, एक: मेरूची चौथी ओळ जशीच्या तशी. शार्दूलविक्रीडित आणि मंदाक्रांता यांचे गण पाडताना आपण सर्वांनी ही ओळ नकळत हाताळलेली असते, आणि तरीही वृत्तांच्या तासाला आणि गणिताच्या तासाला ती एकच आहे असे क्वचितच कोणी सांगितले असेल, याची मला नेहमी खंत वाटत आली आहे.

आपल्या छंदःशास्त्राची व्याप्ती आजच्या पाठ्यपुस्तकांतून दिसते त्याहून पुष्कळ मोठी होती. कोणते वृत्त कोणत्या लक्षणाचे, एवढ्यावर ते थांबत नसे. अमुक इतक्या अक्षरांच्या चरणाची रूपे एकंदर संभवतात किती, ती एकही न गाळता आणि एकही दोनदा न येता क्रमाने लिहून कशी काढावी, क्रमांक दिला असता रूप कसे ओळखावे, रूप दिले असता त्याचा क्रमांक कसा सांगावा, आणि इतकेच गुरू असलेली रूपे किती, असे प्रश्न त्याने स्वतःपुढे ठेवले होते. या सहा प्रकारच्या प्रक्रियांना शास्त्रकार प्रत्यय म्हणतात, आणि प्रस्तार, नष्ट, उद्दिष्ट, लगक्रिया, संख्या व अध्वयोग ही त्यांची नावे. प्रस्ताराची रीत तर इतकी सुबक आहे की ती एकदा हाताने करून पाहावीच: पहिल्या ओळीत सारे गुरू लिहावे, पुढच्या प्रत्येक ओळीसाठी वरच्या ओळीतील डावीकडून पहिल्या गुरूखाली लघु लिहावा, त्याच्या उजवीकडचे सारे वरच्याप्रमाणे उतरवावे, आणि डावीकडे जागा राहिल्यास ती गुरूंनी भरावी, सारे लघु असलेली ओळ आली की प्रस्तार संपला.

वसंततिलकेचे उदाहरण घेऊ. त, भ, ज, ज आणि शेवटी दोन गुरू, अशी चौदा अक्षरे. चौदा अक्षरांच्या चरणाची एकंदर रूपे १६,३८४ होतात. ती सर्व लिहून काढण्यास किती जागा लागेल याचाही हिशेब अध्वयोग या सहाव्या प्रत्ययात होता: प्रत्येक रूपाला एक अंगुळ आणि दोन रूपांच्या मध्ये मोकळे एक अंगुळ धरले, म्हणजे ३२,७६७ अंगुळे, आणि चोवीस अंगुळांचा हात धरला तर सुमारे १,३६५ हात लांबीची भूमी. एवढ्या भूमीवर लघुगुरूंच्या ओळी मांडून, मग त्यांतून वसंततिलकेप्रमाणे सात गुरू आणि सात लघु असलेल्या ओळी एकेक वेचून मोजण्याचे कष्ट कोण घेणार? मेरूची पंधरावी ओळ काढली, की तिच्या ऐन मध्यावरच्या घरात ३,४३२ हे उत्तर तयार असते. हेच लगक्रियेचे प्रयोजन, आणि हीच त्या आकृतीची जन्मकथा. उच्चारलेल्या अक्षराला कानाने दिलेले लघु-गुरू हे दोनच दर्जे, आणि त्यांचा चोख हिशेब ठेवण्याची पंडितांची हौस, यांतून ती निपजली.

येथे श्रेयाच्या वाटणीचा प्रश्न उपस्थित होतो, आणि त्याबाबतीत आपल्याकडे थोडी घाई होते असे मला वाटते. पिंगलाचा काळ सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वी दोन-तीन शतके असा मानतात. हलायुधाने मेरूचे वर्णन पिंगलाच्या सूत्राखाली केले आहे, म्हणून मेरू थेट पिंगलाचाच, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. पण ते सूत्र अवघ्या दोनतीन शब्दांचे. 'पुढे पूर्ण करावे' याहून अधिक त्यातून निश्चयाने काढता येत नाही, आणि त्याचा हलायुधाहून निराळा अर्थ लावणारे अभ्यासकही आहेत. सूत्रवाङ्मयाची वहिवाटच अशी, की सूत्र म्हणजे खूणगाठ, आणि गाठीत काय बांधले आहे ते गुरुमुखाने कळायचे. तेव्हा पिंगलाला दोन अक्षरचिन्हांच्या प्रस्ताराचे आणि संख्येचे शास्त्र निर्विवादपणे द्यावे, आणि मेरूची घरे रेखून दाखविण्याचे श्रेय ज्याने ती प्रत्यक्ष रेखली त्या हलायुधाला द्यावे, हेच न्यायाचे होईल. सहाव्या शतकापासून आपल्याकडे या अंकांचा राबता होता याचे पुरावे असताना सात-आठशे वर्षे आणखी मागे ओढण्याची गरजही नाही.

ते पुरावे मोठे मनोरंजक आहेत, कारण ते गणिताच्या ग्रंथांत नाहीत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्ती म्हणजे सुगंधी द्रव्ये सिद्ध करण्याचे एक प्रकरण आहे. सोळा द्रव्यांपैकी कोणतीही चार घेऊन मिश्रणे करावयाची झाल्यास ती १,८२० होतात, असे तेथे सांगितले आहे, आणि ही संख्या काढण्याची रीतही दिली आहे: एकापासून सोळापर्यंत अंक एकावर एक मांडावे, मग त्यांच्या चढत्या बेरजा शेजारच्या उभ्या ओळीत लिहाव्या, दर वेळी शेवटचे घर सोडावे, आणि पुन्हा त्या बेरजांच्या बेरजा कराव्या. सोळाच्या शेजारी १२० येतात, त्यापुढे ५६०, त्यापुढे १,८२०. मेरू आडवा करून ठेवला तर हीच मांडणी होते. दहाव्या शतकात भट्टोत्पलाने बृहत्संहितेवर टीका लिहिताना ही रीत उलगडून दाखविली. तो आणि हलायुध जवळजवळ एकाच पिढीचे. सुश्रुतसंहितेतील रसभेदांची गणना याच जातीची आहे: मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय हे सहा रस एकेकटे सहा, दोनदोन मिळून पंधरा, तीनतीन मिळून वीस, पुन्हा पंधरा, पुन्हा सहा, आणि सर्व मिळून एक, अशी एकंदर त्रेसष्ट. अत्तर घोटणारा गांधिक, औषधाची मात्रा ठरविणारा वैद्य आणि श्लोक रचणारा कवी हे तिघे आपापल्या दुकानी बसून एकाच कोष्टकातील अंक वापरीत होते.

मान्यखेटाच्या राष्ट्रकूटांच्या राज्यातच, हलायुधापूर्वी सुमारे शंभर वर्षे, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यांनी प्रारंभी अमोघवर्षाचा गौरव केला आहे, त्यावरून ग्रंथाचा काळ नवव्या शतकाचा मध्य ठरतो. या ग्रंथात मेरूची घरे न काढताही त्यातील हवा तो अंक एकदम कसा काढावा याची रीत आहे: उतरत्या क्रमाने संख्या गुणाव्या, चढत्या क्रमाने भागाव्या. मला या दोन रीतींमधला फरक महत्त्वाचा वाटतो. गुणाकार-भागाकाराची रीत गणित्याची. तिला एकच उत्तर हवे असते आणि ती ते झटकन देते. मेरूची रीत छांदसिकाची. तिला सारा ताळेबंद डोळ्यांपुढे हवा असतो, आणि म्हणून ती एकेक ओळ धीमेपणाने उतरत जाते. दख्खनच्या एकाच राजवंशाच्या आश्रयाला या दोन्ही रीतींचे जाणकार एका शतकाच्या अंतराने नांदले.

भास्कराचार्यांनी शके १०७२ च्या सुमारास, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, लीलावती लिहिली तेव्हा महावीराचार्यांप्रमाणेच गुणाकार-भागाकाराची रीत घेतली. मात्र उदाहरणे निवडताना त्यांच्यातला कवी जागा झाला. एका राजाच्या रम्य मंडपाला आठ दारे आहेत. एक उघडे, दोन उघडी, तीन उघडी, असे वारा खेळता ठेवण्याचे प्रकार किती? आठ, अठ्ठावीस, छपन्न, सत्तर, छपन्न, अठ्ठावीस, आठ आणि एक, मिळून २५५. गायत्रीच्या सहा अक्षरांच्या चरणाचा प्रश्नही त्यांनी विचारला आहे, आणि चारही चरण मिळून होणाऱ्या चोवीस अक्षरांच्या रूपांची संख्या १,६७,७७,२१६ अशी दिली आहे. ही रीत छंदःशास्त्रात, शिल्पात, खंडमेरूत आणि वैद्यकातील रसभेदांत उपयोगी पडते, पण विस्तारभयास्तव येथे अधिक सांगत नाही, असे म्हणून ते पुढे जातात. ग्रंथ आटोपशीर ठेवण्याचा त्यांचा हा संयम आपल्याला थोडा महागात पडला आहे, कारण बाराव्या शतकातल्या सह्याद्रीच्या पायथ्याशी शिल्पकार मंडळी मेरूचा उपयोग नेमका कसा करीत हे त्यांच्या तोंडून ऐकण्याची संधी त्यामुळे गेली.

भास्कराचार्यांच्या विद्येची पुढची हकीकत चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. शके ११२८ चा हा लेख सांगतो की, भास्कराचार्यांचा नातू, लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्याने येथे मठ स्थापन केला. निकुंभ वंशातील मांडलिक सोइदेवाने त्या मठास दान दिले. लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तो वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात, कारण तेथे राजस्तुतीची आणि वंशावळीची भाषा संपून एकाएकी बाजारपेठेची भाषा सुरू होते: या पाटणात जो माल उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजवाड्यास मिळणारे जे येणे, ते मठाला दिले आहे, अशा अर्थाची ती सनद आहे. वाण्याच्या दुकानी विकल्या जाणाऱ्या जिनसांच्या जकातीवर लीलावती शिकविली जात होती. आपल्या भाषेच्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक लेख गणिताच्या पाठशाळेच्या उत्पन्नाचा तपशील सांगतो, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

याच सिंघणाच्या दरबारात, चांगदेव पंचांग पाहात असताना किंवा त्यानंतर थोड्याच काळाने, दुसरा एक असामान्य पुरुष हिशेबाच्या दफ्तरावर बसला होता. शार्ङ्गदेव हे त्याचे नाव. त्याचा आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आला. त्या आजोबाचेही नाव भास्करच होते, परंतु त्याचा आपल्या भास्कराचार्यांशी संबंध नाही. शार्ङ्गदेव स्वतः श्रीकरणाधिपती, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा मुख्य अधिकारी होता, आणि या मुत्सद्द्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. पुढील शेकडो वर्षे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या दोन्ही संगीतपरंपरांनी प्रमाण मानलेला हा ग्रंथ वाचताना, लेखक दिवसभर खातेवह्या तपाशीत असला पाहिजे ही जाणीव जागोजाग होते. सात स्वर एकदाही पुनरुक्ती न करता जितक्या क्रमांनी म्हणता येतील तितके कूटतान ५,०४०. त्यांपैकी कोणताही एक तान गायला असता त्याचा क्रमांक कोणता, किंवा क्रमांक सांगितला असता तान कोणता, हे काढण्यासाठी त्याने खंडमेरू दिला आहे. वर सात घरे, खाली सहा, मग पाच, अशी एका घरापर्यंत उतरणारी ही पायऱ्यांची आकृती. हिच्यात बेरजेचे अंक नसून पटींचे अंक आहेत, म्हणून हलायुधाच्या मेरूहून ती वेगळी. पण घराणे एकच. उभ्या प्रत्येक ओळीत तानाच्या स्वरक्रमाप्रमाणे ठरणाऱ्या घरावर एकएक खडा ठेवीत जावे आणि खड्यांखालच्या अंकांची बेरीज घ्यावी. अखेरच्या तानासाठी प्रत्येक उभ्या ओळीतले सर्वांत खालचे घर घेतले, तर एक, एक, चार, अठरा, शहाण्णव, सहाशे आणि ४,३२० यांची बेरीज नेमकी ५,०४० भरते. हिशेबनीसाच्या मनाला या रुजवातीने किती समाधान झाले असेल!

तालाच्या अध्यायात तो याहून अवघड प्रदेशात शिरला. तालाचे अंग द्रुत, लघु, गुरू किंवा प्लुत. द्रुताचे माप एक धरले तर लघूचे दोन, गुरूचे चार आणि प्लुताचे सहा. तेव्हा दिलेल्या कालमानाचे ताल किती, हे काढण्यासाठी मागच्या चार ठिकाणच्या संख्या, एक, दोन, चार आणि सहा घरे मागे जाऊन, मिळवाव्या लागतात: १, २, ३, ६, १०, १९, ३३, ६० असा तो क्रम चालतो. आठ द्रुतांच्या कालात साठ वेगवेगळे ताल बसतात हे मृदंगावर हात टाकणाऱ्याला अनुभवाने कळण्यास एक आयुष्य पुरले नसते. कोष्टकाने ते चार ओळींत कळते. छांदसिकांनी दोन मापांसाठी रचलेले शास्त्र देवगिरीच्या या अधिकाऱ्याने चार मापांपर्यंत नेले, आणि माझ्या मते मेरूच्या साऱ्या भारतीय इतिहासात हलायुधाच्या वर्णनानंतरचे सर्वांत मोठे पाऊल हेच.

दोन मापांचे ते शास्त्र म्हणजे मात्रावृत्तांचे. अक्षरगणवृत्तात अक्षरांची संख्या ठरलेली असते, तर मात्रावृत्तात, म्हणजे आपल्या पादाकुलकासारख्या जातीत, मात्रांची. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. मग दिलेल्या मात्रांच्या रूपांची संख्या काढताना मागच्या दोन संख्यांची बेरीज करीत जावे लागते: १, २, ३, ५, ८, १३, २१. सोळा मात्रांच्या चरणास ही संख्या १,५९७ होते. प्राकृतात लिहिणाऱ्या विरहांकाने सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान 'वृत्तजातिसमुच्चय' या ग्रंथात ही रीत सांगितली, आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने ती पुन्हा सांगितली; पिसा येथील लिओनार्दो फिबोनाची याने सशांच्या वाढीच्या उदाहरणातून हाच क्रम १२०२ मध्ये मांडला. हलायुधाच्या मेरूतील घरे तिरकस रेषेत मिळवीत गेले तर हेच अंक निघतात. अक्षरांचा मेरू आणि मात्रांचा मेरू यांचे हे नाते ज्याला प्रथम दिसले असेल, त्याच्या आनंदाला सीमा राहिली नसेल.

पुढे १३५६ मध्ये नारायण पंडिताने 'गणितकौमुदी'त अंकपाश नावाचे स्वतंत्र प्रकरण लिहून छांदसिकांची आणि संगीतकारांची ही सारी विखुरलेली मिळकत गणिताच्या खात्यावर जमा केली. सोळाव्या शतकात कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' टीका १५४५ मध्ये पुरी केली. भास्कराचार्य जेथे 'असे करावे' म्हणून थांबतात तेथे 'असे का' हे सांगण्याचा त्यांचा बाणा आहे, आणि पुण्याच्या आनंदाश्रमाने ही टीका १९३७ मध्ये छापून काढली.

हेच अंक इतर देशांत निराळ्या वाटांनी आले. इसवी सन १००० च्या आसपास बगदादेत अल-कराजीने, बैजिक पदांच्या घातांचा विस्तार करताना, हे कोष्टक रचल्याचे बाराव्या शतकातील अस-समावल याच्या ग्रंथावरून कळते. इराणात उमर खय्यामला मूळ काढण्याच्या रीतीत त्याची गरज भासली. चीनमध्ये अकराव्या शतकात ज्या श्येन याने ते मुळे काढण्यासाठीच वापरले, १२६१ मध्ये यांग हुई याने त्याच्या नावानिशी ते नोंदविले, आणि १३०३ मध्ये जू श-ज्ये याने आपल्या ग्रंथाच्या आरंभी त्याची आकृती दिली. युरोपात पेत्रुस आपियानुस याने १५२७ मध्ये व्यापारी हिशेबाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच तो त्रिकोण छापला. यांपैकी कोणी कोणापासून घेतले याचे दुवे जुळवीत बसण्यापेक्षा, प्रत्येक ठिकाणी कोणता प्रश्न सोडविताना तो हाती लागला हे पाहणे मला अधिक फलदायी वाटते: तिकडे घनमूळ, वर्गमूळ आणि बीजगणित, आपल्याकडे चरण, गंध, रस, तान आणि ताल.

पास्कलचा प्रश्न जुगाराचा होता. डाव अर्धवट मोडला तर पणाची रक्कम खेळाडूंनी कशी वाटून घ्यावी, याबद्दल १६५४ मध्ये त्याचा आणि फेर्माचा पत्रव्यवहार झाला, आणि त्याच वर्षी त्याने अंकत्रिकोणावरील आपला प्रबंध लिहिला. तो प्रसिद्ध झाला १६६५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगताना पास्कलचे मोठेपण कमी लेखण्याचे कारण नाही. हलायुधाने घरे कशी भरावी ते सांगितले. त्या घरांमधील परस्परसंबंध एकामागून एक मांडून, एका ओळीत खरे असलेले पुढच्या ओळीत खरेच असले पाहिजे अशा अनुमानाने ते सिद्ध करण्याचे काम पास्कलने केले, आणि त्यावर संभवशास्त्राची इमारत उभी राहिली. नाव त्याचे लागले ते अठराव्या शतकात माँमोर आणि द म्वाव्र यांच्या ग्रंथांतून. पण सिद्धतेचे श्रेय त्याला देऊनही आकृतीचे जुने नाव आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीने यावे, ही अपेक्षा वाजवी आहे.

आपल्याकडे मेरूचा विसर पडला तो काही कोणा परक्याच्या कारस्थानाने नव्हे. छंदःशास्त्राच्या अध्यापनात लक्षणे आणि उदाहरणे राहिली, प्रत्यय मात्र गळाले. कवीला त्यांचा उपयोग नाही म्हणून त्याने सोडले, आणि गणित्याच्या हाती छंदाची पोथी पडत नव्हती. ही तूट भरून काढण्याचे काम विसाव्या शतकात मुंबईत झाले. विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविणारे प्रा. हरि दामोदर वेलणकर यांनी जयदेव, जयकीर्ती, केदार आणि हेमचंद्र यांचे छंदोग्रंथ हस्तलिखितांवरून सिद्ध करून 'जयदामन्' या नावाने १९४९ मध्ये एकत्र प्रसिद्ध केले, आणि विरहांकाचा 'वृत्तजातिसमुच्चय'ही जुन्या टीकेसह त्यांनीच संपादिला. प्रत्ययांची प्रकरणे हा अशा पोथ्यांतील सर्वांत भ्रष्ट भाग असतो, कारण अर्थ न कळता नक्कल करणाऱ्या लेखकाच्या हातून शब्दाचा चुकलेला पाठ एक वेळ ओळखता येतो, चुकलेला अंक ओळखता येत नाही; तेथे संपादकाला प्रत्येक कोष्टक स्वतः मांडून पाहावे लागते. वेलणकरांनी ते केले, आणि परमानंद सिंह यांनी १९८५ मध्ये प्राचीन भारतातील या संख्याक्रमांचा इतिहास गणिताच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला तेव्हा विरहांकाच्या गाथा त्यांनी वेलणकरांच्या छापील प्रतीवरूनच घेतल्या.